गरम आहाराची बिलं थकली, इमारतीचे दोन लाख कोणी द्यायचे? १५ ऑगस्टच्या ग्रामसभेआधी सल्ला हवा

अनेरकाठ · ११ ऑगस्ट २०२५

राम राम मंडळी. गाव चोपडा तालुक्यातलं, पेसा क्षेत्रातलं (आदिवासी भागात ग्रामसभेला जास्त अधिकार देणारा कायदा लागू असलेलं). ग्रामपंचायत सदस्य म्हणून विचारतो आहे. विषय अंगणवाडीच्या पैशांचा, आणि तीन गुंते एकमेकांत अडकले आहेत.

पहिला: गावठाणातल्या अंगणवाडीत ३ ते ६ वयाची २८ मुलं पटावर आहेत. गरम ताजा आहार गावातला बचत गट शिजवतो. एप्रिल ते जुलैची बिलं निघालेली नाहीत. किराणावाल्याने उधारी बंद केली आणि गट म्हणतो, पंधरा ऑगस्टनंतर चूल पेटणार नाही. बालविकास प्रकल्प कार्यालयाचं उत्तर एकच: वरून निधी नाही.

दुसरा: अंगणवाडी भाड्याच्या खोलीत भरते. १२ लाखांच्या इमारतीच्या यादीत गावाचं नाव आहे, पण ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात आपल्या वाट्याचे २ लाख नाहीत, म्हणून काम सुरू होत नाही.

तिसरा: गावापासून लांब असलेल्या पाड्यावर सहा वर्षांखालची ४४ मुलं, अंगणवाडीच नाही. जागा वनखात्याची. त्यात शाळेत बालवाटिका (पहिलीच्या आधीचा वर्ग) सुरू करायचं चाललंय, म्हणजे अंगणवाडीची मोठी मुलं तिकडे जाणार.

ग्रामसभेत नेमके कोणते ठराव घ्यावेत? 'शासनाकडे मागणी करण्यात यावी' छापाचा ठराव नको, तसे दोन आधीच फाइलला लागले आहेत.

हिशोबवही · ११ ऑगस्ट

भाऊ, 'वरून निधी नाही' हे उत्तर म्हणून कधी घेऊच नका. त्याचे तीन वेगळे अर्थ होतात आणि तिन्हींचा इलाज वेगळा आहे.

पहिला अर्थ, प्रकल्प अधिकाऱ्यांच्या नावावर त्या लेखाशीर्षात (खर्चाच्या सरकारी खात्यात) तरतूदच आलेली नाही. पूरक पोषणाचा खर्च केंद्र आणि राज्य निम्मा-निम्मा उचलतं. केंद्राचा हप्ता आधीच्या पैशाच्या उपयोगिता प्रमाणपत्रावर (खर्च झाल्याच्या दाखल्यावर) सुटतो आणि राज्याला आपला हिस्सा बीडीएसवर (राज्याच्या निधी वाटपाच्या ऑनलाइन प्रणालीवर) टाकावा लागतो. एप्रिल ते जून हा काळ दरवर्षी याच चिमट्यात सापडतो. यात प्रकल्प कार्यालय खरंच काही करू शकत नाही, मागणी जिल्हा परिषदेच्या बालकल्याण विभागामार्फत आयुक्तालयाकडे जायला हवी.

दुसरा अर्थ, तरतूद आली आहे पण देयक कोषागारात गेलेलंच नाही. याचं नेहमीचं कारण म्हणजे आकड्यांचा मेळ नसणं. हजेरीपटात आहार दिल्याचे २५ दिवस, पोषण ट्रॅकरवर (सेविकेच्या मोबाइल अ‍ॅपवर) १९. मुख्यसेविकेच्या (सेविकांच्या पर्यवेक्षिकेच्या) मासिक अहवालात तिसराच आकडा. कार्यालय मग कमी आकड्याने बिल काढतं किंवा सरळ बाजूला ठेवतं, आणि गटाला लेखी कळवत नाही.

तिसरा अर्थ, पैसे निघाले आणि परत गेले. गटाचा अध्यक्ष बदलला पण बँकेत सह्या बदलल्या नाहीत, केवायसी संपली, बँक विलीन होऊन आयएफएससी बदलला, पीएफएमएसवर (सरकारी पैसे खात्यात पाठवणाऱ्या प्रणालीवर) गटाचं नाव आणि पासबुकावरचं नाव यात एका अक्षराचा फरक. असे पैसे खात्यावर येत नाहीत आणि कार्यालयाच्या वहीत मात्र 'अदा' असं दिसतं.

म्हणून आधी गटाच्या ताईंना पासबुक भरून आणायला सांगा आणि चार महिन्यांचे हजेरीपट व ट्रॅकरचे आकडे एका कागदावर शेजारी-शेजारी मांडा. महिना, पटावरची मुलं, हजर मुलांची बेरीज, आहाराचे दिवस, होणारी रक्कम. खाली सेविका, मुख्यसेविका आणि गटाचे अध्यक्ष-सचिव यांच्या सह्या. हा कागद ग्रामसभेच्या ठरावाला जोडला की ठरावाला वजन येतं.

रक्कम किती मोठी आहे तेही बघा. ३ ते ६ वयाच्या मुलामागे दिवसाला ८ रुपये. वर्षाला ३०० दिवस, म्हणजे महिन्याला २५. पूर्ण हजेरी धरली तर २८ × २५ × ८ = ५,६०० रुपये महिना, चार महिन्यांचे २२,४०० रुपये. सरकारी हिशोबात ही धूळ आहे, पण पाच-दहा हजार भांडवलाच्या गटाला एवढी थकबाकी बुडवते.

आणि हा ८ रुपयांचा दर २०१७ मध्ये ठरलेला आहे, त्याआधी ६ होता. बाजारभावाने खरेदी धरा. तांदूळ ५० ग्रॅम (४० रुपये किलो) म्हणजे २ रुपये. तूरडाळ २० ग्रॅम (१२० रुपये किलो) म्हणजे २.४०. तेल ५ ग्रॅम (१५० रुपये किलो) म्हणजे ७५ पैसे. सकाळच्या नाश्त्याला शेंगदाणे १५ ग्रॅम (१३० रुपये किलो) १.९५ आणि गूळ १० ग्रॅम (५० रुपये किलो) ५० पैसे. झाले ७.६०. उरलेल्या ४० पैशांत भाजी, मीठ-मिरची, सरपण किंवा गॅस आणि शिजवणारीची मजुरी. महिन्याला २८० रुपये! शिवाय एवढं घालूनही मुलाच्या पोटात साधारण ४१० कॅलरी जातात. अन्नसुरक्षा कायद्याच्या परिशिष्टात ५०० लिहिल्या आहेत. खिचडी पातळ का होते, याचं उत्तर गटाच्या दानतीत शोधू नका.

मुख्यसेविका_शिरपूर · ११ ऑगस्ट

वरच्या सगळ्याला दुजोरा. दोन गोष्टींची भर.

चेहरा पडताळणीचं कारण सांगून कोणी गरम आहाराचं बिल अडवत असेल तर ते चूक आहे. १ जुलै २०२५ पासूनची सक्ती घरपोच आहाराच्या पाकिटांसाठी आहे, म्हणजे ६ महिने ते ३ वर्षांची बाळं, गरोदर आणि स्तनदा माता. अंगणवाडीत बसून जेवणाऱ्या मुलांना ती लागू नाही.

दुसरं, तुमचं गाव पेसातलं म्हणजे अमृत आहार योजनाही चालू असणार. तिचा पैसा आदिवासी विकास विभागाचा, खातं आहार समितीचं, त्यावर सेविका आणि महिला सदस्य यांची जोड सही. आठवड्यातून चार दिवस अंडं किंवा केळं याच पैशातून येतं. हा पैसा आणि बचत गटाचं बिल यांची कधीही सरमिसळ करू नका. 'या महिन्यात तिकडचे वापरू, आले की टाकू' असं म्हणत एका खात्यातून दुसरीकडे पैसे फिरवले की लेखापरीक्षणात सेविका अडकते, अधिकारी नाही. (केळीच्या जिल्ह्यात केळ्यासाठी अनुदानाची वाट बघायची, हा वेगळाच विनोद.)

बापू_साक्रीकर · १२ ऑगस्ट

एवढं पुराण कशाला? ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातले १० टक्के महिला-बालकल्याणावर खर्च करायचेच असतात. त्यातून गटाचे पैसे देऊन टाका, मुलं उपाशी राहायला नकोत. शासनाचं येईल तेव्हा येईल.

हिशोबवही · १२ ऑगस्ट

बापू, भावना बरोबर, मार्ग धोक्याचा. ते १० टक्के ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नाचे. घरपट्टी-पाणीपट्टी मिळून वसुली दीड लाख असेल तर १५,००० होतात, थकबाकी २२,४०० आहे. म्हणजे पुरणारही नाहीत. त्यापेक्षा मोठी अडचण अशी की तोच आहार, त्याच मुलांचा, शासनाकडून नंतर अदा झाला की दुबार खर्च म्हणून आक्षेप लागतो आणि वसुली सरपंच व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांवर निघते.

१० टक्क्यांतून भांडी घ्या, कुकर, गॅस शेगडी, सतरंज्या, पाण्याची टाकी घ्या. त्यावर कोणी बोट ठेवणार नाही. रोख अडचणीला गटाने उमेदच्या (ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या) ग्रामसंघाकडून, म्हणजे गावातल्या बचत गटांच्या संघाकडून, अल्पमुदतीचं कर्ज घ्यावं, त्याच्या परतफेडीला अडकलेल्या बिलांची यादी जोडता येते. व्याज गटालाच भरावं लागेल, हा अन्याय आहेच.

आणखी एक. गट जर अचानक शिजवणं थांबवेल तर करारनामा मोडल्याचं निमित्त होऊन दुसरा गट आणला जातो आणि जुनी बाकी वर्षभर लोंबकळते. थांबवायचंच असेल तर आधी लेखी पत्र द्या: एवढी बाकी, अमुक तारखेपर्यंत न मिळाल्यास शिजवणं अशक्य. पोच घ्या. प्रत गटविकास अधिकारी आणि ग्रामपंचायतीला.

बापू_साक्रीकर · १२ ऑगस्ट

दुबार खर्चाचं पटलं. पण मग पंचायत हात बांधून बसणार काय? गावाने लोकवर्गणीतून पंधरा दिवसांचं धान्य दिलं तर त्याला कोणता आक्षेप?

मुख्यसेविका_शिरपूर · १२ ऑगस्ट

लोकवर्गणीला हरकत नाही बापू, फक्त साठा नोंदवहीत 'लोकसहभाग' म्हणून वेगळी नोंद करा आणि त्या दिवसांचं बिल गटाने लावू नये. हे दुसरं वाक्य लोक विसरतात.

सातपुडा_आराखडा · १२ ऑगस्ट

इमारतीवर येतो, कारण तिथे ग्रामपंचायतीला अर्धवट माहिती दिली जाते.

१२ लाखांची मांडणी अशी: रोजगार हमीतून ८ लाख, वित्त आयोगातून २ लाख, महिला व बालविकासकडून २ लाख, आणि यातला विभागाचा वाटा केंद्र-राज्य मिळून. शौचालयाचे ३६,००० आणि पिण्याच्या पाण्याचे १७,००० रुपये याशिवाय वेगळे. अंदाजपत्रकात शौचालय त्या १२ लाखांतच कोंबलेलं असेल तर हरकत घ्या.

आता 'आपले २ लाख नाहीत'. हे २ लाख पंधराव्या वित्त आयोगाच्या अबंधित भागातून किंवा दुसऱ्या कोणत्याही अबंधित निधीतून देता येतात. वित्त आयोगाचे ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधलेले, ४० टक्के मोकळे. तेव्हा ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना विचारा: ई-ग्रामस्वराजवर (ग्रामपंचायतींच्या हिशोबाच्या पोर्टलवर) अबंधित शिल्लक किती, आणि अंगणवाडीचं काम यंदाच्या आराखड्यात घेतलंय का? शिल्लक असूनही काम आराखड्यात नसेल तर पैसे खर्ची पडत नाहीत. अशा वेळी ग्रामसभेने पूरक आराखडा मंजूर करावा. तुमच्या १५ ऑगस्टच्या सभेचा पहिला कामाचा ठराव हा. या आयोगाचा काळ मार्च २०२६ ला संपतो, तेव्हा ढकलून चालणार नाही.

शिल्लक नसेलच तर पेसाचा ५ टक्के निधी बघा. तो ग्रामसभा कोषात येतो, पायाभूत सुविधा आणि शिक्षण-आरोग्य या दोन्हींना चालतो, निर्णय ग्रामसभेचा. त्यानंतर जिल्हा वार्षिक योजनेतला महिला व बालविकाससाठी राखलेला ३ टक्के. पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेकडे वित्त आयोगाचे १०-१० टक्के असतात खरे, पण जळगाव जिल्हा परिषद मार्च २०२२ पासून प्रशासकाकडे आहे आणि निवडून आलेली संस्था नसेल तर तो हप्ता सुटत नाही. त्या दारी वेळ घालवू नका.

खरा अडथळा मात्र ८ लाखांत आहे. रोहयोत अकुशल मजुरी ६० आणि कुशल म्हणजे साहित्य-गवंडी ४० हे प्रमाण राखायचं. अंगणवाडीचं बांधकाम नेमकं उलटं, सिमेंट-लोखंड-गवंडी जास्त आणि मजुरी कमी. प्रमाण एका कामावर नाही, एकूण कामांवर बघतात, म्हणून गावात समतल चर, फळबाग, वृक्षलागवड, रोपवाटिका अशी मजुरीची कामं चालू असतील तरच अंगणवाडीची कुशल बिलं बसतात. पावसाळ्यानंतर निम्मं गाव ऊसतोडीला गेलं की मजुरीची कामं थंडावतात, मग प्रमाण बिघडतं, मग साहित्याचं बिल थांबतं. जोत्यापर्यंत आलेल्या आणि गवत उगवलेल्या इमारती दिसतात त्या यामुळे. ठेकेदार पळाला ही गोष्ट त्यानंतरची.

म्हणून ग्रामसभेत अंगणवाडीबरोबर मजुरीची किमान तीन-चार कामं त्याच ठरावात रोहयोच्या आराखड्याला जोडा. आणि प्रशासकीय मान्यता एकच, निधीनिहाय फोड दाखवणारी घ्या. तीन खात्यांच्या तीन मान्यता वेगवेगळ्या निघाल्या की प्रत्येक जण दुसऱ्याच्या हप्त्याची वाट बघतो.

जागेचं काय ते लिहिलं नाहीत. गावठाणातला नमुना ८ किंवा सातबारा, ग्रामपंचायतीचा ठराव, आणि शाळेच्या आवारात बांधणार असाल तर शाळा व्यवस्थापन समितीचाही ठराव. हे नसेल तर तांत्रिक मान्यताच मिळत नाही.

अनेरकाठ · १२ ऑगस्ट

फार उपयोगी, धन्यवाद सगळ्यांना. जागा शाळेच्या आवारातली, समितीचा ठराव बाकी आहे. पाड्याचं आणि बालवाटिकेचं कोणी सांगेल का? पाड्याला पीएम-जनमनमधून अंगणवाडी मिळेल असं एका पुढाऱ्याने सांगितलंय.

सातपुडा_आराखडा · १३ ऑगस्ट

नाही मिळणार. पीएम-जनमन फक्त विशेष दुर्बल आदिम जमातींसाठी, महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. पाड्यावर भिल्ल, पावरा, बारेला असतील तर ती योजना लागू नाही. तुमच्या कामाचं आहे ते २ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झालेलं धरती आबा अभियान. त्यात देशभरात २,००० नव्या अंगणवाड्या धरल्या आहेत. गाव त्या यादीत आहे का ते यावलच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात बघा.

यादीत नसलात तरी हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाचा १३ डिसेंबर २००६ चा आदेश: वस्तीत सहा वर्षांखालची किमान ४० मुलं असतील आणि अंगणवाडी नसेल, तर मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती द्यायची. तुमची ४४ आहेत. मुलाचं नाव, जन्मतारीख, आईचं नाव अशी यादी सेविकेच्या कुटुंब पाहणी नोंदीशी जुळवून ठरावाला जोडा. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची मुलं गाळू नका. दिवाळीनंतर कोणी मोजायला आलं की संख्या ४० च्या खाली भरते आणि प्रस्ताव गुंडाळला जातो. पाहणी ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच करून घ्या.

वनजमिनीला घाबरायचं कारण नाही. वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये अंगणवाडीचं नाव स्पष्ट आहे. जागा एक हेक्टरपेक्षा कमी, तोडावी लागणारी झाडं हेक्टरी ७५ पेक्षा जास्त नाहीत, ग्रामसभेची शिफारस, आणि उपवनसंरक्षकांची मान्यता. दिल्लीला फाइल जात नाही. अडतं ते नकाशावर. जागेचा वनखात्याचा कक्ष क्रमांक आणि जीपीएस बिंदू नसलेला ठराव परत येतो, म्हणून वनरक्षकाला बरोबर घेऊन मोजणी आधी करा.

पहिलीच्या_आधी · १३ ऑगस्ट

बालवाटिकेबद्दल. भांडण पटाचं दिसतं, मुळात ते पैशाचं आहे. पाच वर्षांची मुलं शाळेत गेली की अंगणवाडीची संख्या घटते, बचत गटाचं बिल घटतं, आणि उद्या दोन अंगणवाड्या एक करायचा प्रस्ताव येतो. शाळेला मात्र पट हवा असतो. बालवाटिकेच्या मुलांना प्रधानमंत्री पोषण योजनेतून शाळेत जेवण देता येतं, पण एकच मूल दोन्हीकडे दाखवलं तर आधार जुळणीत पकडलं जातं आणि दोन्हीकडची बिलं संशयात येतात. तेव्हा मूल जेवतं कुठे, हे एकदाच ठरवून लिहून ठेवा.

तुमची इमारत शाळेच्या आवारातच होणार असेल तर मला वाटतं तंटा मिटवण्याचा सोपा मार्ग हाच: मुलं अंगणवाडीच्या पटावर, आहार अंगणवाडीचा, आणि शाळेच्या शिक्षकांनी पाच वर्षांच्या गटाला ठरलेला वेळ द्यायचा. आवारातल्या अंगणवाडीला समग्र शिक्षा या शालेय शिक्षण योजनेतून शैक्षणिक साहित्यासाठी मुलामागे वर्षाला ५०० रुपयांपर्यंत तरतूद करता येते. अंगणवाडीचा स्वतःचा पूर्वशालेय संच वर्षाला ५,००० रुपयांचा. तो आला का, साठा नोंदवहीत कोणत्या तारखेला चढला, आणि मुलांच्या हातात आहे की कपाटात, हे ग्रामसभेत विचारा. खोके न फोडलेला संच बऱ्याच ठिकाणी सापडतो. कारण खेळणी तुटली तर भरपाई आपल्यावर येईल ही सेविकेची भीती. पर्यवेक्षणाच्या वेळी निर्लेखनाची (तुटलेली वस्तू नोंदीतून कमी करण्याची) पद्धत समजावून सांगितली की कपाट उघडतं.

एक कायदेशीर बारकावा लक्षात असू द्या. शिक्षण हक्क कायद्याचं कलम ११ पूर्वशालेय शिक्षणाची व्यवस्था करायला सरकारला मुभा देतं, बांधून घेत नाही. अन्नसुरक्षा कायद्याचं कलम ५ मात्र सहा महिने ते सहा वर्षांच्या प्रत्येक मुलाला अंगणवाडीतून मोफत आहाराचा हक्क देतं. त्यामुळे तक्रार करताना 'मुलांच्या शिक्षणाचं नुकसान' यावर भर दिला की अर्ज शिक्षण विभागाकडे वर्ग होऊन फिरत राहतो. आहारावर भर दिला की कलम १५ खाली जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्यांना सुनावणी घ्यावी लागते. त्यांनी सुचवलेला दिलासा दिला नाही तर जबाबदार कर्मचाऱ्याला कलम ३३ खाली ५,००० रुपयांपर्यंत दंड आहे. रक्कम लहान आहे, पण नाव कागदावर येतं.

अनेरकाठ · १३ ऑगस्ट

माहिती अधिकाराचा अर्ज कसा घालावा? मागच्या वेळी 'विषय अनेक आहेत' म्हणून परत आला.

हिशोबवही · १३ ऑगस्ट

महाराष्ट्राच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. इमारत आणि बिलं एका अर्जात घातली असतील. बिलांचा अर्ज एवढाच ठेवा, प्रकल्प कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्यांच्या नावे, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून:

"विषय: गरम ताज्या आहाराची देयके, अंगणवाडी केंद्र क्रमांक __, एप्रिल ते जुलै २०२५. (१) या कालावधीत गरम ताज्या आहारासाठी प्रकल्पास प्राप्त तरतुदीच्या आदेशांच्या व बीडीएस पावत्यांच्या प्रती. (२) सदर केंद्राच्या बचत गटाची देयके कार्यालयास प्राप्त झाल्याची तारीख व रक्कम. (३) देयके कोषागारात सादर केल्याची तारीख व टोकन क्रमांक. (४) देयकांवर आक्षेप असल्यास आक्षेपपत्राची प्रत."

'का', 'कधी मिळणार' असे प्रश्न नकोत, फक्त कागद मागा. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील. पहिल्या मुद्द्याला कागद मिळाले आणि तिसऱ्याला 'निरंक' (काहीच नाही) आलं तर समजा, पैसे आले होते आणि बिल टेबलावरच होतं. पहिलाच मुद्दा निरंक आला तर तीच प्रत घेऊन सरळ जिल्हा परिषदेच्या बालकल्याण विभागात जा.